बॉम्ब नव्हे, बंब

गेल्या भागात हिंदी महासागराबद्दल बोलताना मी एक वाक्य टाकलं होतं: 'आपल्या समुद्रात दर सेकंदाला हिरोशिमाचा एक बॉम्ब फुटावा एवढी उष्णता जातेय.' रेकॉर्डिंग संपल्यावर मी स्वतःवरच खूश होतो. झेटाजूल, वॅट वगैरे बोलून कुणाला काय कळणार? बॉम्ब सगळ्यांना कळतो.

मग तुमच्यापैकी एकीची मेल आली. तिने तो भाग दापोलीच्या आजीला फोनवरून ऐकवला होता. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सेकंदाला एक बॉम्ब? मग समुद्र अजून उकळला कसा नाही? आणि उकळत नसेल, तर हा पोरगा एवढा ओरडतोय कशाला?"

आधी हसलो. मग उत्तर लिहायला बसलो आणि हसू मावळलं, कारण माझं वाक्य एकदा नाही, दोनदा चुकलं होतं. एक चूक आकड्यातली, दुसरी उपमेतली. दुसऱ्यांच्या ग्राफवर आणि मथळ्यांवर आपण इथे नेहमी टीका करतो. या वेळी सुरुवात घरापासून.

आधी आकडा

हिंदी महासागर आणि बॉम्ब ही जोडी माझी नव्हे. पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएमचे (आयआयटी मद्रास नव्हे, हवामानवाली संस्था) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम २०२४ मध्ये आलं, तेव्हा ती बातम्यांमध्ये सगळीकडे होती. त्या कामात दोन आकडे आहेत. पृष्ठभागापासून २,००० मीटर खोलीपर्यंत हिंदी महासागरात सध्या दर दशकाला सुमारे ४.५ झेटाजूल उष्णता साठतेय. पुढच्या काळात हा वेग दशकाला १६ ते २२ झेटाजूल होईल, असं मॉडेल्स सांगतात. (एक झेटाजूल म्हणजे १ वर २१ शून्यं एवढे जूल.)

आता हिशेब करा. हिरोशिमाच्या बॉम्बची ऊर्जा साधारण ६३ टेराजूल धरतात. सेकंदाला एक असे दहा वर्षं फोडत राहिलात, तर बेरीज होते सुमारे २० झेटाजूल. म्हणजे 'सेकंदाला एक' हे वर्णन भाकिताचं आहे, आजच्या मोजमापाचं नाही. आजच्या मोजमापाला चार-साडेचार सेकंदांना एक बॉम्ब पुरतो. मूळ कामात हा फरक स्पष्ट आहे. तो मी खाल्ला. 'होईल'चं 'जातेय' केलं, आणि माझ्या तोंडून वाक्य चौपट मोठं होऊन बाहेर पडलं.

तुम्ही म्हणाल, चौपट काय आणि दुप्पट काय, समुद्र तापतोय हे तर खरंच ना? खरंच आहे. पण मोजलेली गोष्ट आणि अंदाज केलेली गोष्ट यांच्यातली रेघ मीच पुसली, तर उद्या दुसरं कुणी पुसेल तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलणार?

मग उपमा

बॉम्बची उपमा तशी जुनी. २०२० च्या जानेवारीत लिजिंग चेंग यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सांगितलं, की २५ वर्षांत जगभरच्या समुद्रांनी घेतलेली उष्णता, २२८ झेटाजूल, म्हणजे ३६० कोटी हिरोशिमा बॉम्ब. लगेच 'सेकंदाला पाच बॉम्ब' असे मथळे आले. गणितात काही खोट नाही, मी करून पाहिलंय. माझा आक्षेप वेगळा आहे.

एक, बॉम्ब हे मोजमाप तुम्हाला प्रमाण सांगत नाही. पृथ्वी सूर्याकडून रोज जी ऊर्जा शोषते ती याच एककात मोजा: सेकंदाला सुमारे १,९०० बॉम्ब! हे भयानक आहे का? अजिबात नाही, त्यावर तर आपण जगतो. जवळपास तेवढीच ऊर्जा परत अवकाशात जाते. ग्रहाच्या आकाराची कुठलीही गोष्ट बॉम्बमध्ये मोजली की भयंकरच दिसणार. मग त्यातली खरोखर चिंतेची कुठली, हे ओळखायचं कसं?

दोन, बॉम्ब एका जागी, एका क्षणात फुटतो. समुद्राचं तापणं याच्या अगदी उलट आहे: सगळीकडे, हळूहळू, आवाज न करता. आजीचा प्रश्न इथूनच आला. बॉम्ब ऐकल्यावर माणूस उकळणारा समुद्र शोधतो. तो दिसला नाही, की ऐकलेलं सगळंच खोटं वाटायला लागतं.

तीन, हे सांगायला थोडं अवघड जातं. हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं गेली. त्यांच्या मरणाचं आपण एकक करून टाकलंय, किलो-लिटरसारखं. मीही केलं, तेही बोलण्याच्या ओघात.

अंशांचा फसवा साधेपणा

'मग सरळ तापमान सांगा की, अंश सेल्सियसमध्ये.' ठीक. सिडनी लेविटस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला: १९५५ ते २०१० या काळात समुद्राच्या वरच्या २,००० मीटरमध्ये सुमारे २४० झेटाजूल उष्णता साठली. एवढ्या पाण्याचं सरासरी तापमान त्याने किती वाढलं? ०.०९ अंश. एका अंशाचा दहावा भागसुद्धा नाही.

त्याच लेखात दुसरं वर्णनही आहे. तीच उष्णता एकदम वातावरणाच्या खालच्या दहा किलोमीटरमध्ये सोडली असती, तर हवा ३६ अंशांनी तापली असती.

०.०९ आणि ३६. उष्णता तीच, लेखही तोच. ज्याला घाबरवायचंय तो ३६ उचलतो, ज्याला झटकून टाकायचंय तो ०.०९. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघांनीही तुम्हाला अर्धवटच सांगितलेलं असतं. मधली गोष्ट अशी, की पाणी उष्णता धरून ठेवण्यात पक्कं आहे. घनमीटरभर हवेपेक्षा घनमीटरभर समुद्राचं पाणी एका अंशाने तापवायला तीन हजारपटींहून जास्त ऊर्जा लागते. म्हणून उष्णता आणि तापमान हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. वाफाळता चहाचा कप आणि कोमट पाण्याची बादली: तापमान कपाचं जास्त, उष्णता बादलीत जास्त.

थर्मामीटर बरोबर, खोली चूक

आता मोजायचं कसं ते बघू. वर्णनावर टीका करायची, तर ज्याचं वर्णन करतोय ते हातात कसं येतं हे माहीत हवं.

मी राहतो त्या ब्रिटनमधून १८७२ मध्ये 'एचएमएस चॅलेंजर' नावाचं जहाज निघालं आणि १८७६ पर्यंत जगभर फिरलं. जागोजागी थांबून, दोराला थर्मामीटर बांधून खोल सोडायचे आणि वर ओढून वाचायचे. २०१२ मध्ये डीन रोमिच आणि सहकाऱ्यांनी ते जुने आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहिले. वरच्या ७०० मीटरमध्ये सरासरी ०.३३ अंशांची वाढ दिसली, पृष्ठभागावर ०.५९. पण आधी एक अडचण सोडवावी लागते. समुद्रात सोडलेला दोर सरळ खाली जात नाही, तिरका होतो. हजार मीटर दोर सोडला म्हणजे थर्मामीटर हजार मीटरवर पोचलाच, असं नाही.

१९६० च्या दशकापासून एक्सबीटी नावाचं साधन आलं. तांब्याच्या बारीक तारेला जोडलेला छोटा टॉर्पेडो, जहाजावरून टाकायचा आणि विसरायचा. तो तापमान पाठवतो. खोली मात्र मोजत नाही, किती सेकंद पडतोय त्यावरून आपण ती काढतो. पडण्याचा वेग थोडा इकडेतिकडे झाला, की तापमान चुकीच्या खोलीच्या नावावर जमा. २००७ च्या सुमाराला लक्षात आलं, की या साधनांमुळे जुन्या नोंदी प्रत्यक्षापेक्षा थोड्या उबदार दिसत होत्या.

मग आले आर्गो फ्लोट्स. साधारण माणसाच्या उंचीचं नळकांडं. १,००० मीटरवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतं, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतं, उपग्रहाला निरोप देतं, पुन्हा बुडी. २००७ मध्ये त्यांची संख्या ३,००० झाली, आज जगभर चार हजारांच्या आसपास आहेत. तापमान ते अंशाच्या हजाराव्या भागांपर्यंत अचूक सांगतात.

तरी घोटाळा झालाच. २००६ मध्ये जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन यांनी लिहिलं, की २००३ ते २००५ या दोन वर्षांत समुद्राच्या वरच्या थराने सुमारे ३२ झेटाजूल उष्णता गमावली. समुद्र थंड होतोय! त्यांनी पुन्हा तपासलं. उपग्रह सांगत होते की समुद्राची पातळी वाढतेच आहे. पाणी आकसलं असतं, तर पातळी अशी कशी वाढेल? शेवटी सापडलं ते असं: काही फ्लोट्सच्या नोंदींमध्ये तापमान आणि दाब यांची जोडी चुकली होती, म्हणजे पुन्हा खोलीच चुकलेली. वर एक्सबीटीच्या उबदार नोंदींकडून आर्गोच्या अचूक नोंदींकडे येताना एक खोटी उतरण तयार झाली होती. २००७ मध्ये लेखकांनी स्वतःच दुरुस्ती छापली.

दोर, टॉर्पेडो, फ्लोट. तिन्ही वेळा 'किती गरम' याचं उत्तर बऱ्यापैकी बरोबर होतं. घात केला तो 'कुठे गरम' या प्रश्नाने. बातमीत हा प्रश्न तुम्हाला कधी दिसलाय?

आकडा टिकला, खात्री पडली

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी. ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी 'नेचर'मध्ये लोर रेस्प्लांदी, राल्फ कीलिंग आणि सहकाऱ्यांचा लेख आला. पद्धत सुंदर होती. कोमट झालेल्या सोड्यातून गॅस निघून जातो, तसा तापलेल्या समुद्रातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग समुद्रात न उतरता, हवेतल्या वायूंवरूनच त्याची उष्णता काढता येईल. उत्तर: १९९१ ते २०१६ मध्ये वर्षाला १३.३ झेटाजूल, अधिक-उणे २. मथळे आले, 'आधीच्या अंदाजापेक्षा ६० टक्के जास्त!'

आठवडाभरात निक लुईस या ब्रिटिश अभ्यासकाने चूक दाखवली. लुईस हे, आयपीसीसी म्हणते तेवढी पृथ्वी तापणार नाही, असं मांडणारे. म्हणजे टीका दुसऱ्या तंबूतून आली. ती बरोबर होती. कीलिंग यांनी जाहीरपणे चूक मान्य केली आणि लुईस यांचे आभार मानले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये लेख मागे घेतला गेला. नंतर दुरुस्त केलेलं काम दुसऱ्या जर्नलमध्ये छापलं: वर्षाला १२.९ झेटाजूल, अधिक-उणे ७.९.

नीट बघा काय बदललं. १३.३ चे १२.९ झाले, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण अधिक-उणे २ चं ७.९ झालं. मधला आकडा टिकला, त्याच्याबद्दलची खात्री कोसळली.

ही चूक कशी होते? भाजीवाल्याकडे शंभर वेळा वजन केलंत. कधी काटा थोडा वर, कधी थोडा खाली. अशा चुका शंभर वेळांत एकमेकींना खाऊन टाकतात. पण तराजूच मुळात ५० ग्रॅमने खोटा असेल, तर हजार वेळा तोला, ५० ग्रॅम तिथेच राहणार. ऑक्सिजनच्या मोजमापातल्या काही चुका या दुसऱ्या जातीच्या होत्या, आणि हिशेबात त्या पहिल्या जातीच्या धरल्या गेल्या. म्हणून अधिक-उणेचा आकडा खोटा लहान निघाला.

इथे माझी टीका लेखकांवर कमी आणि आपल्यासारख्या सांगणाऱ्यांवर जास्त आहे. ६० टक्क्यांच्या मथळ्यात अधिक-उणे नव्हतंच. त्यामुळे लेख मागे गेला तेव्हा ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळली: 'शास्त्रज्ञ खोटे पडले.' ज्याच्यापर्यंत ती पट्टी पोचलीच नव्हती, त्याला 'पट्टी रुंद झाली' हे कसं समजावणार? आणि रुंद झालेल्या पट्टीचं खालचं टोकसुद्धा वर्षाला ५ झेटाजूल आहे. तेही शून्याच्या वरच.

आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल असंच वाचा: १९७१ ते २०१८ मध्ये समुद्रांनी ३९६ झेटाजूल घेतले, पट्टी ३२९ ते ४६३. किती, यावर वाद घाला, जागा आहे. तापला की नाही, यावर वादाला ही पट्टी जागाच ठेवत नाही. मला वाटतं, 'अधिक-उणे' ही शास्त्रज्ञांनी दिलेली कबुली नसून त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आम्ही सांगणारे मात्र तोच पहिला कापतो, वाक्य जड होतं म्हणून.

याचा त्रास कुणाला होतो? तुम्हाला. फॅमिली ग्रुपवर काका 'समुद्र तापल्याचा लेख शास्त्रज्ञांनीच मागे घेतला' असा फॉरवर्ड टाकतात, आणि 'तू तर तिकडे शिकतेस ना, सांग बघू' म्हणतात. तेव्हा तुमच्या हातात माझा बॉम्ब असतो. त्याने काकांना उत्तर देता येत नाही.

मग काय म्हणायचं?

टीका करून हात झटकणं सोपं. म्हणून माझा पर्याय मांडतो, तुम्ही तो ठोकून बघा.

पृथ्वी जेवढी ऊर्जा घेते आणि परत टाकते, त्यातला फरक १९७१ ते २०१८ मध्ये सरासरी दर चौरस मीटरला ०.५७ वॅट होता. घरी देवघराजवळ एलईडीचा झिरोचा बल्ब असतो ना, साधारण अर्ध्या वॅटचा? पृथ्वीच्या पाठीवर, जमीन-पाणी सगळीकडे, दर चौरस मीटरला तसा एक बल्ब रात्रंदिवस चालू आहे. २००६ ते २०१८ एवढंच पाहिलं, तर तो ०.७९ वॅटचा झालाय. या जास्तीच्या उष्णतेतले ९१ टक्के समुद्रात जातात, हवेच्या वाट्याला येतो जेमतेम १ टक्का.

हे वर्णन लहान आहे आणि सगळीकडचं आहे. पण साठत जाणं त्यात दिसत नाही. त्यासाठी आजीच्याच घरातली वस्तू घेऊ: तांब्याचा बंब. तुमच्यापैकी काहींनी तो फक्त फोटोत पाहिला असेल. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. पेटवल्यावर बराच वेळ वाटतं, काहीच होत नाहीये. आणि विस्तव विझला, तरी पाणी कितीतरी वेळ कढतच राहतं. समुद्राचं तसंच. उत्सर्जन थांबल्यावरही खोल पाण्यात गेलेली उष्णता शतकानुशतकं राहणार, आणि पाणी प्रसरण पावत राहणार. १९७१ ते २०१८ मध्ये समुद्राची पातळी वाढली, त्यातला निम्मा वाटा निव्वळ या फुगण्याचा आहे.

बंबालाही मर्यादा आहेत, त्या मीच सांगून टाकतो. बंब आतून तापतो, समुद्र वरून. त्यामुळे समुद्रात हलकं गरम पाणी वरच राहतं आणि खालच्या पाण्याशी मिसळणं कमी होतं. बंबातलं पाणी आपण काढून वापरतो; समुद्रातलं वापरतं वादळ. वादळाचा वारा एरवी खालचं गार पाणी ढवळून वर आणतो आणि स्वतःचंच इंधन कमी करतो. गरम थर जाड असेल, तर तो लगाम सैल पडतो. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळात दापोलीकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, त्या आजींनी पाहिल्या असतील. एकाच वादळाचं खापर समुद्राच्या उष्णतेवर फोडणार नाही, तसं करणं म्हणजे पुन्हा बॉम्ब फोडणं. पण किती अंश यासोबत किती खोल हे विचारायला हवं, ते यासाठी.

पुढच्या वेळी समुद्राच्या उष्णतेचा आकडा समोर आला, मग तो माझ्या तोंडून का असेना, तर चार गोष्टी विचारा. कुठल्या खोलीपर्यंत? कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत? अधिक-उणे किती? आणि हे मोजलंय की भाकीत आहे? माझ्या गेल्या भागातलं वाक्य चारही प्रश्नांत नापास झालं असतं.

आजींना निरोप पाठवलाय: 'समुद्र उकळला नाही, कारण तो बंबासारखा आहे आणि फार मोठा आहे. ओरडतोय ते यासाठी, की विस्तव अजून आत सारणं चालूच आहे.' त्यांचं उत्तर नातीने लगेच कळवलं. "मग असं सांगायचं की आधी. बंबात फाटी घालायची कधी थांबवायची, ते मला ठाऊक आहे."